तक्रार दिली, पण आता...: कामावरच्या सूडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या काही कारखान्यांत कामावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्याआधी बरीच वर्षं एका मासळी प्रक्रिया कारखान्यात हिशेबाला होते, आणि तिथे बरोबरीच्याच एका माणसाविरुद्ध तक्रार देणारी बाई मी स्वतः होते. तक्रार कशी करायची याची माहिती आता कुठेही मिळते. मला येणारे फोन बहुतेक त्यापुढचे असतात: "ताई, अर्ज दिला, पण आता..." या 'पण आता'नंतर जे येतं ते इथे घेतलंय.

तक्रार दिल्यापासून सगळंच बदललंय. हा सूड आहे, की मलाच तसं वाटतंय?

एका कागदावर मधोमध तक्रारीची तारीख लिहा. वरच्या बाजूला आधीचे सहा महिने, खाली नंतरचे दिवस. लेट मार्क, पाळ्या, नाकारलेल्या रजा, पगारातली कपात, बसायची जागा, कुणाच्या हाताखाली काम: एवढंच भरा. वर एकही मेमो नाही आणि खाली तीन आठवड्यांत दोन, असं दिसलं तर ते मनाचे खेळ नाहीत.

दुसरं बघायचं ते बाकीच्यांना तोच नियम लागतोय का. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यातली बाई मला आठवते. बॉयलरवरून बी वाटून देणाऱ्या माणसाविरुद्ध तिची तक्रार होती. तक्रारीनंतर तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. फक्त तिच्या पाटीत बारीक, नीट न वाफवलेली बी यायला लागली. तशी बी फोडली की गर अख्खा निघत नाही, पाकळी आणि तुकडाच पडतो, आणि टरफलाचं तेल बोटांना जास्त लागतं. शनिवारी मजुरी हातात आली ती दोनशे ऐंशी रुपयांनी कमी. "तुझा हात बिघडला," मुकादम म्हणाला. शेजारी बसणाऱ्या दोघींच्या चिठ्ठ्या तिच्या चिठ्ठीशेजारी ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. तिच्या पाटीला बारीक बीची नोंद रोज होती, त्यांच्या पाट्यांना एकदाही नव्हती.

हॉटेलात हेच वेगळ्या रूपात दिसतं. नाताळच्या गर्दीत टीप मिळणाऱ्या टेबलांवरून काढून लाँड्रीला लावतात, किंवा सलग नाईट देतात. ऑफिसात व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव जातं आणि मग "मीटिंगला आली नाहीस" म्हणून विचारणा होते. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते, आणि सुटी सुटी सांगितली तर ऐकणाऱ्यालाही ती किरकोळच वाटणार. म्हणून तो मधोमध तारखेचा कागद.

तो माझा साहेब नाही, बरोबरीचा आहे. त्याच्या हातात काय असणार?

त्याच्या हातात मित्र असतात. साहेब सूड घेतो तेव्हा कागद तयार होतो: मेमो, बदलीचा हुकूम, शेरा. सहकाऱ्याचा सूड कागदावर येत नाही. डबा खायला बसलं की टेबल रिकामं होतं, स्टोअरमधून मागितलेला माल शेवटी मिळतो, संगणकाचा पासवर्ड बदललेला असतो आणि "सांगायचं राहिलं". आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता. तो एखाद्या वेळी तुमच्याच वाडीतला असतो, त्याची मावशी तुमच्या शेजारी राहते, आणि त्याची बायको तुमच्या बचत गटात असते. शिमग्याला पालखी दोघांच्याही अंगणात येते. कामावरचा अबोला संध्याकाळी घरापर्यंत चालत येतो.

कायद्याच्या दृष्टीने साहेबाला यातून हात झटकता येत नाहीत. कामाची जागा सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, त्रास कुणीही देवो. बरोबरीच्या माणसाचा सूड व्यवस्थापनाला लेखी कळवला, की त्यानंतर त्यांनी काही न करणं ही त्यांची चूक होते. तोंडी सांगितलेलं इथे मोजलं जात नाही. देवाला गाऱ्हाणं तोंडी घातलं तरी पोचतं. कंपनीला पोचायला आवक क्रमांक लागतो.

कायद्यात सूडाविरुद्ध कलम आहे ना?

स्वतंत्र, एका ओळीचं कलम नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम २०१३, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्यात 'सूड' या नावाने वेगळा गुन्हा नाही. पण कलम ३ वाचा. नोकरीत नुकसान करण्याची धमकी, आत्ताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळा आणणं, धाक वाटेल असं वातावरण तयार करणं, आरोग्यावर किंवा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक, हे सगळं त्यात आहे. अट एकच: ते मूळ छळाशी जोडलेलं असायला हवं. म्हणजे 'जोड' दाखवणं हे तुमचं काम, आणि जोड दिसते ती तारखांतून.

या कायद्याचं मूळ ज्या १९९७ च्या विशाखा निकालात आहे, त्यात तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास होऊ नये, भेदभाव होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट लिहिलं होतं. तो खटला ज्या घटनेतून उभा राहिला ती घटनाच सूडाची होती. राजस्थानातल्या भटेरी गावात सरकारी कार्यक्रमाची 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. ते त्यांचं नेमून दिलेलं काम होतं. १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला तो त्या कामापायी. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं, कारण समितीतली माणसंही सूडाला 'नंतरची भानगड' समजतात.

चौकशी चालू असताना काही संरक्षण मागता येतं का?

येतं, पण मागावं लागतं, आणि लेखी मागावं लागतं. कलम १२ प्रमाणे तुमच्या लेखी विनंतीवर समिती मालकाला शिफारस करू शकते: त्याची किंवा तुमची दुसरीकडे बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा (ही तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही), आणि नियम ८ प्रमाणे तुमच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय शेरा त्याच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देणं. शिफारस आली की मालकाने ती अमलात आणून तसं समितीला कळवायचं असतं.

बदलीबद्दल थोडं थांबून बोलते. "तुझ्याच भल्यासाठी तुला दुसऱ्या युनिटला पाठवतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी एसटीचं वेळापत्रक विचारते. चिपळूणला राहणाऱ्या बाईला लोटे एमआयडीसीतून उचलून दापोलीच्या डेपोत पाठवलं, तर ती बदली कुणाच्या भल्यासाठी झाली हे शेवटच्या गाडीच्या वेळेवरून कळतं. तुम्ही मागितलेली नसताना बदली आली, तर त्याच दिवशी लिहून द्या: "मी बदली मागितलेली नाही. हलवायचं असल्यास समितीने सामनेवाल्याच्या बदलीचा विचार करावा." मग रुजू व्हायचं तर व्हा, 'हरकत नोंदवून रुजू होत आहे' एवढं मात्र लिहा. न जाता घरी बसलात तर गैरहजेरीचं निमित्त त्यांच्या हातात जातं.

नोंद ठेवा म्हणतात. म्हणजे नक्की काय लिहायचं?

माझंच सांगते. मी तक्रार दिली तेव्हा पावसाळा सुरू होता. कारखान्याची गाडी सकाळी आमच्या फाट्यावर यायची. तक्रारीनंतर दहाएक दिवसांनी ती थांबेनाशी झाली. चालक म्हणाला, "बाई दिसल्या नाहीत." मी छत्री घेऊन फाट्यावरच्या चहाच्या टपरीखाली उभी असायचे आणि गाडी पाणी उडवत पुढे जायची. मग रिक्षा मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत. पोचायला उशीर, लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार. घरी आईला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. शेजारची काकी म्हणाली, "सोड गो बाय, कित्याक नादाक लागतंस?"

माझ्याकडे मुलाची जुनी चौरेघी वही होती. तीत मी रोज एक ओळ लिहायला लागले. "१४ जुलै, सोमवार. ६.०५ पासून फाट्यावर. ६.२० ला गाडी न थांबता गेली. टपरीवाले काका समोर. ७.३५ ला पंच. लेट मार्क." भावना एकही नाही, त्या मी उशीला सांगत होते. समितीच्या बाहेरच्या सदस्य बाईंनी सात ओळी वाचल्या आणि गाडीचं लॉगबुक मागवलं. लॉगबुकात माझ्या फाट्याच्या रकान्यात रोज 'थांबा घेतला' लिहिलेलं, आणि पुढच्या थांब्याची वेळ चार मिनिटांवर. एवढं अंतर थांबा घेऊन चार मिनिटांत होतच नाही. तिथून बोलणं बदललं.

तेव्हा लिहायचं ते असं: तारीख, वार, वेळ, जागा, काय घडलं, समोर कोण, आणि त्याचा पुरावा कुठल्या कागदात सापडेल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मस्टर, पाळीपत्रक, गेट रजिस्टर, लॉगबुक, मजुरीची चिठ्ठी, ईमेल, यातलं तुमच्या ताब्यात काय आहे आणि समितीने काय मागवायचं ते वेगळं दाखवा. समितीला कागद मागवण्याचे आणि माणसं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बऱ्याच समित्यांना ते ठाऊक नसतात, म्हणून अर्जातच मागणी करा. कंपनीच्या फायली गुपचूप घरी नेऊ नका, त्यावरूनच तुमच्यावर चोरीचा ठपका येतो. धमकीचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही सांभाळा. फोन बदलताना जुना विकून टाकणारी बाई मी पाहिली आहे, आणि तिची हळहळही.

सूडाची तक्रार वेगळी करायची का?

मूळ तक्रार चालू असेल तर त्याच समितीकडे पुरवणी अर्ज द्या आणि पहिल्याच ओळीत मूळ तक्रारीची तारीख घाला. प्रत व्यवस्थापनाला. अर्ज पानभरापेक्षा मोठा नको. वहीतल्या ओळी सोबत जोडा. नियमांप्रमाणे मूळ तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणं हे समितीचंच काम आहे, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

घटनेला तीन महिने होऊन गेले. पण सूड अजून चालू आहे. मुदत कधीपासून?

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती ते लिहून ठेवून आणखी तीन महिने देऊ शकते. "सूड चालू आहे म्हणजे मुदतही चालू आहे" असं मात्र धरून चालू नका. पश्चिम बंगालमधल्या एका विधि विद्यापीठाच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नंतरची प्रशासकीय कारवाई मूळ छळाशी जोडलेली दिसत नसेल, तर तिच्या आधाराने मुदत लांबत नाही. सीझन संपू दे, गणपती होऊ देत, मुलीची परीक्षा होऊ दे, असं करत सहा महिने कसे जातात ते कळतही नाही.

आमच्याकडे समितीच नाही. होमस्टे आहे, सगळे मिळून सात जण.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच. जिल्ह्याची ठिकाणं अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. मंडणगडच्या बाईने रत्नागिरीला खेप घालावी अशी कायद्याची अपेक्षा नाही: प्रत्येक तालुक्याला तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी असावा आणि त्याने सात दिवसांत ती पुढे पाठवावी, अशी तरतूद आहे. तहसीलमध्ये त्याचं नाव विचारा. "असं कुणी नाही" म्हणाले तर तेही लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्याने नाव सापडतं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

दहा किंवा जास्त माणसं असून समिती नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तसंच केलं तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मोजताना रोजंदारी, शिकाऊ, कंत्राटी सगळे धरायचे. आंब्याच्या कॅनिंगमध्ये "आमची कायम माणसं चारच" म्हणणारे मालक एप्रिलमध्ये साठ बायका आत बसवतात.

मी कंत्राटदाराकडून आहे. कंपनी म्हणते तू आमची नाहीसच.

या कायद्यापुरती तुम्ही त्यांची आहात. कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीची, पगार न घेता शिकणारी, सगळ्याच 'कर्मचारी' या व्याख्येत येतात. कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाची जागाच मानली जाते. "उद्यापासून हिला पाठवू नकोस" असा निरोप कंत्राटदाराला गेला असेल, तर कंत्राटदाराकडून तो निरोप लेखी किंवा मेसेजवर घ्यायचा प्रयत्न करा. तो सहज देणार नाही. मग तुम्हीच त्याला मेसेज करा: "तुम्ही काल सांगितल्याप्रमाणे मला अमुक कंपनीत यायचं नाही, कारण कळवावे." त्याचं उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी तुमचा मेसेज तारखेसकट राहतो.

सीझन संपला. यंदा सगळ्यांना बोलावलं, मला नाही.

हा खास आपल्याकडचा प्रश्न, आणि अवघड. काढून टाकल्याचा कागदच नसतो, कारण घेतल्याचाही नसतो. मुकादमाचा फोन आला नाही, एवढीच काय ती घटना. इथे आधीच्या सीझनचे पुरावे जमवा: बँकेत आलेली मजुरी, भविष्य निर्वाह निधीची नोंद, गेट पास, टोपी-ॲप्रन घालून काढलेला ग्रुप फोटो. तुमच्याबरोबरच्या किती जणी परत घेतल्या ते लिहा. मग फोनची वाट न बघता स्वतःच लेखी कळवा की मी कामाला यायला तयार आहे. पुढच्या नोकरीबद्दलची धमकी कलम ३ मध्ये आहे हे वर आलंच. मागच्या सीझनला कुणी "पुढच्या वर्षी बघतो तुला" म्हटलं असेल, तर ते वाक्य आणि ते ऐकणाऱ्यांची नावं मे महिन्यातच वहीत हवीत.

खोटी तक्रार केली म्हणून माझ्यावरच कारवाई करू म्हणतात.

कलम १४ दाखवून घाबरवतात, पण ते पुरतं वाचत नाहीत. जाणूनबुजून खोटी, दुष्ट हेतूने केलेली तक्रार किंवा बनावट कागद असेल तरच कारवाई, आणि तो हेतूही चौकशी करून सिद्ध व्हायला हवा. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असं होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. त्या पानाची छापील प्रत पर्समध्ये ठेवा.

"गावात मिटवा, कागद कशाला?" असं सरपंचांपासून दिरापर्यंत सगळे म्हणतात.

समेटाला कायद्यात जागा आहे. पण तो चौकशी सुरू होण्याआधी, तुम्ही मागितला तर, समितीमार्फत होतो. आणि पैसे घेऊन मिटवणं हा समेटाचा आधार होऊ शकत नाही. देवळात गावकी बसवून, नारळ ठेवून झालेला समेट हा तो नव्हे. माझं मत विचाराल तर, गावकीत माफी मागणारा माणूस माफी गावाची मागतो, आणि सोमवारी कामावर त्याचे मित्र तेच. समेट करायचाच असेल तर समितीकडून लिहून घ्या, आणि "पाळी, जागा, मजुरी यांत तक्रारीमुळे बदल होणार नाही" ही ओळ त्यात घाला. समेटातली अट मोडली की समितीकडे परत जाता येतं.

सगळीकडे बातमी पसरली. गोपनीयता असते ना?

असते. तुमचं नाव, त्याचं नाव, साक्षीदार, चौकशीत काय झालं, शिफारस काय, यातलं काहीही बाहेर सांगायला कलम १६ ची बंदी आहे. प्रकरण हाताळणाऱ्या कुणी बाहेर फोडलं तर त्याला पाच हजार रुपये दंड. आपल्या भागात एचआरच्या केबिनमधली गोष्ट मासळी बाजारात पोचायला भरती-ओहोटीइतकाच वेळ लागतो, हे मान्य. तरी कुणी, कधी, कुणापुढे बोललं हे कळलं तर तेही पुरवणी अर्जात घाला.

साक्ष द्यायला कुणी तयार नाही.

लोकांना वाईट ठरवू नका; त्यांची चूलही त्याच कारखान्यावर पेटते. माझ्या वेळी टपरीवाले काका बोलले कारण त्यांचा पगार कंपनीकडून येत नव्हता. असा बाहेरचा माणूस शोधा: रिक्षावाला, डबेवाली, सिक्युरिटी एजन्सीचा जुना गार्ड. आतल्या सहकाऱ्याला "त्याने छळलं असं सांग" म्हणू नका. "त्या दिवशी पाळीपत्रक कधी बदललं ते सांग" एवढंच मागा. छोट्या, कोरड्या गोष्टीची साक्ष माणूस देऊ शकतो. साक्षीदारालाही त्रास व्हायला लागला तर तो प्रकार समितीला त्याच आठवड्यात कळवा.

समिती घाईने उरकतेय. माझ्या बाजूने आहे, मग बरंच ना?

नाही, आणि हे फार जणींच्या लक्षात येत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने भराभर सुनावण्या घेतल्या, सामनेवाल्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा मागे पाठवलं. तक्रारी २००९ च्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा सुरुवात. म्हणून तक्रारीची प्रत त्याला सात कामाच्या दिवसांत गेली का, उत्तराला दहा कामाचे दिवस मिळाले का, सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य होते का, याकडे तुम्हीच लक्ष ठेवा. चौकशी नव्वद दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, मालकाची कारवाई साठ दिवसांत. समितीपुढे दोघांनाही वकील आणता येत नाही.

सुनावणीच्या तारखा तुमच्या नाईटनंतरच्या सकाळी पडत असतील तर बदलून मागा. लागोपाठ तीन सुनावण्यांना कारण न देता गैरहजर राहिलात तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती प्रकरण बंद करू शकते.

राजीनामा लिहून दे, अनुभवाचं पत्र चांगलं देतो, म्हणतात. किंवा सरळ काढूनच टाकलं तर?

त्याच खोलीत, त्याच दिवशी काहीही सही करू नका. "घरी विचारून सांगते" हे आपल्याकडे कुणालाही पटणारं कारण आहे, ते वापरा. दबावाखाली सही झालीच असेल तर दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा की राजीनामा स्वेच्छेने दिलेला नाही.

सूडबुद्धीने कामावरून काढणं आणि दुष्ट हेतूने बदली करणं या दोन्ही गोष्टी कामगार कायद्यातल्या 'अनुचित कामगार प्रथां'च्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अशा प्रथेविरुद्ध तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्यामुळे कुठल्या दारात अर्ज टाकायचा ते आधी वकिलाकडून किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून पक्कं करा, पण नव्वदच्या आतच हलायचं हे धरून चला. वकिलाचे पैसे नाहीत ही अडचण मोठी नाही: महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तालुका न्यायालयातही त्यांची समिती असते. हेल्पलाइन १५१००.

नोकरी गेली तरी मूळ तक्रार संपत नाही. छळ झाला तेव्हा तुम्ही तिथे होतात, एवढं पुरे. नुकसानभरपाई ठरवताना मानसिक त्रास, औषधोपचार आणि बुडालेली नोकरीची संधी, तिन्ही धरतात. म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठ्या फेकू नका.

पोलिसांत कधी जायचं?

अंगाला हात लावला, पाठलाग केला, धमकी दिली, तर समितीची वाट बघत बसायची गरज नाही. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे: लैंगिक छळाला कलम ७५, पाठलागाला ७८, धमकीला ३५१. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवायला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. घाईच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१.

मी पुरुष आहे. सहकारणीची साक्ष दिली म्हणून मला त्रास देतात.

पॉश कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीलाच करता येते. पण तिच्या समितीला तुमचा प्रकार तिने किंवा तुम्ही कळवू शकता, कारण साक्षीदाराला दबावात ठेवणं म्हणजे चौकशीतच ढवळाढवळ. बाकी अनुचित कामगार प्रथा, कंपनीचे सेवा नियम आणि धमकीचं कलम पुरुषालाही तितकंच लागू.

समितीने निकाल माझ्या बाजूने दिला. तरी त्रास थांबत नाही.

मालकाने साठ दिवसांत शिफारस अमलात आणली का, ते पहिलं तपासा. माफीनामा फाइलला लागला आणि पाळी तशीच, असं असेल तर अंमल अर्धाच झालाय. शिफारस पाळली नाही किंवा ती पटली नाही तर नव्वद दिवसांत अपील करता येतं. निकालानंतरचा त्रास पुन्हा लेखी, पुन्हा तारखांसकट. मी माझी वही निकालानंतर आठ महिने चालू ठेवली होती.

अर्ज घेतच नाहीत. आवकवाला म्हणतो साहेब आले की बघू.

त्याच्याशी वाद घालू नका. तोच अर्ज ईमेलने पाठवा, आणि स्पीड पोस्टानेही. पावतीवर वजन आणि तारीख येते. मागे पेनाने 'तक्रार अर्ज, ३ पाने' लिहून वहीला टाचून ठेवा. गणपतीच्या आठवड्यात मात्र पोस्टाच्या भरवशावर राहू नका. मुदत त्याच आठवड्यात संपत असेल तर अर्ज हरतालिकेच्या आधी गेलेला बरा.